उभ्या गाडीचे पावसाळे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो, आणि गावात मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि पडवीत स्टँडवर लावलेली मोटारसायकल. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने ती तशीच. काही जण गाडी सोबत नेतात, सगळ्यांना ते जमत नाही. मग एखाद्या वर्षी पट्टा पडतो, टोळी परत येते, आणि तरी गाडी जागची हलत नाही. थोरला चाकणला कंपनीत लागलेला असतो, धाकट्यानं हप्त्यावर नवी घेतलेली असते, किंवा गाडी चालवणारं माणूसच घरातून गेलेलं असतं. सहा महिन्यांची उभी गाडी बघता बघता सहा वर्षांची होते. त्यानंतर कधी तरी कुणी तरी विचारतं, ‘‘ही गाडी द्यायची का?’’

घरचे म्हणतात, ‘‘घ्या की भाऊ. चाललीच नाही ती. नवीसारखी आहे.’’ ते खोटं बोलत नसतात. मीटरवरचा आकडा खरंच कमी असतो, रंगाची चमक फडकं मारलं की परत येते. पण गाडी चालली नाही म्हणजे ती जशीच्या तशी राहिली, हे मात्र खरं नाही. चालणारी गाडी घासून झिजते आणि उभी गाडी रसायनानं झिजते. ती उभी असताना तिच्या टाकीत, कार्ब्युरेटरमध्ये, शिलिंडरच्या भिंतीवर, टायरच्या रबरात आणि बॅटरीच्या शिशात अखंड काही ना काही घडत असतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची खूण उरते. त्या खुणा वाचायला शिकलं, तर किक न मारताही गाडी आपला सगळा मुक्काम सांगते. मला तर हा वाचनाचा भाग गाडी चालवण्याइतकाच आवडतो.

म्हणून पहिली गोष्ट : किक मारायची नाही. समोरचा कितीही म्हणाला, ‘‘मारून बघा की एक,’’ तरी नाही. कारण पुढं येईलच.

दुसरी गोष्ट : किती वर्षं उभी होती हे विचारण्यापेक्षा किती पावसाळे आणि कशाखाली, हे विचारायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकानं लोखंड हवेत कसं गंजतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला असं दिसलं, की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली असेल तर गंज जवळजवळ थांबलेला असतो, आणि ती पातळी ओलांडली की एकदम वेग घेतो. बालाघाटाच्या या कोरड्या अंगाला वर्षातले बरेच महिने हवा त्या पातळीच्या खाली असते. लोखंडाचं वय इथं वाढतं ते मुख्यतः मृगापासून परतीच्या पावसापर्यंत. त्यामुळं एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या, एक रत्नागिरीला आणि एक शिरूरला उभी ठेवली, तर दोघी सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. रत्नागिरीची खाऱ्या दमट हवेनं चॅसीपासून खंगते. शिरूरची चॅसी ठणठणीत राहते, पण वैशाखातल्या उन्हानं तिचं रबर आणि बॅटरी आधी जाते. तेव्हा बीडकडची गाडी बघताना लोखंडाकडं जरा विश्वासानं आणि रबराकडं संशयानं बघावं.

व्हर्ननचाच एक प्रयोग मला फार आवडतो. त्यानं लोखंडाचे तुकडे मलमलच्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवले. हवा आणि दमटपणा आत-बाहेर मोकळा, फक्त धूळ अडलेली. ते तुकडे उघड्यावरच्या तुकड्यांपेक्षा कितीतरी कमी गंजले. धुळीचा कण ओलावा धरून ठेवतो आणि गंजाला बसायला जागा देतो. याचा अर्थ असा, की ज्या घरात गाडीवर जुनं सुती लुगडं टाकलेलं असतं, त्या घरानं नकळत उत्तम काम केलेलं असतं. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेली गाडी दिसायला जास्त जपलेली वाटते, पण जमिनीतून वर येणारी ओल प्लास्टिकखाली कोंडून राहते. अशा गाडीचे स्पोक, फुटरेस्ट आणि सायलेन्सरची खालची बाजू आधी चाचपावी.

आता टाकी. झाकण उघडायचं आणि आधी नाक लावायचं. ताज्या पेट्रोलचा तो झणझणीत वास हलक्या, पटकन उडणाऱ्या हायड्रोकार्बनांचा असतो. इंजिन थंड असताना ठिणगी पडल्यावर सगळ्यात आधी पेट घेतात तेही हेच. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक वाट असते, आणि त्याच वाटेनं हे हलके घटक महिन्या-महिन्यानं निघून जातात. मागं उरतं ते जड, आळशी पेट्रोल. त्यातले काही रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून एकमेकांना चिकटत जातात आणि डिंक तयार होतो. वास आंबूस, रंगाच्या जुन्या डब्यासारखा येऊ लागतो. तो वास आला की समजावं, आत पेट्रोल उरलेलं नाही, पेट्रोलचा गाळ उरलाय.

मग टॉर्चनं आत बघायचं. काडी ओढून कधीच नाही. नजर टाकीच्या तळाकडं जाते, पण आधी बघायचं ते छत. दहाएक लिटरची टाकी जवळजवळ रिकामी असेल, तर पहाटेच्या वीस अंशांवरून दुपारच्या चाळीस अंशांपर्यंत जाताना आतली हवा सात टक्क्यांच्या आसपास फुगते. म्हणजे पाऊण लिटरच्या थोडी आत एवढी हवा रोज बाहेर पडते आणि रात्री तेवढीच बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकी अक्षरशः श्वास घेते. पावसाळ्यात तो श्वास दमट असतो. पहाटे पत्रा गार झाला की त्या हवेतलं पाणी टाकीच्या छताला आतून दव होऊन लटकतं. म्हणून अर्धवट भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या पातळीच्या वरचा भाग तांबूस झालेला दिसतो आणि खालचा पत्रा पांढरा राहतो. त्या दोहोंमधली रेघ अनेकदा इतकी स्पष्ट असते, की गाडी उभी करताना टाकी किती भरलेली होती ते बोटानं दाखवता येतं. काठोकाठ भरून ठेवलेली टाकी या छळातून बरीचशी वाचते, कारण तिच्यात श्वास घ्यायला हवाच नसते.

छतावरून ओघळलेलं पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला जातं आणि सगळ्यात खोलगट जागी, पेट्रोलच्या कॉकच्या आजूबाजूला, वर्षानुवर्षं बसून राहतं. टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात ती बहुधा तिथंच. बाहेरून त्या जागी रंग फुगलेला दिसला, तर नखानं हळूच दाबून बघावं.

इथं एक गोष्ट अशी आहे जी शिरूरला सांगताना मला वेगळंच वाटतं. आज आपण पंपावर भरतो त्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याकडच्या इथेनॉलचा मोठा हिस्सा उसाची मळी आणि उसाचा रस यांतून येतो. शिरूर, पाटोदा, आष्टीकडची माणसं कोयता घेऊन ज्या फडात उतरतात, तोच ऊस अल्कोहोल होऊन त्यांच्याच गाडीच्या टाकीत परत येतो. देशात इथेनॉल मिसळायला २००३मध्ये सुरुवात झाली, पण २०१३-१४ सालीदेखील सरासरी मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होतं. जून २०२२मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांवर. त्यामुळं गाडी कोणत्या साली उभी राहिली, यावर तिच्या टाकीतलं रसायन ठरतं. २०१४ला थांबलेल्या गाडीत मुख्यतः डिंक मिळेल. २०२३ला थांबलेल्या गाडीत आणखी एक प्रकार घडलेला असू शकतो. साध्या पेट्रोलात पाणी जवळपास विरघळत नाही, अल्कोहोल मात्र पाण्याला धरून ठेवतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल शंभरात अर्धा भाग पाणी सहज पोटात घेतं. ती मर्यादा ओलांडली, की अल्कोहोल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वर पेट्रोल, खाली पाणी-अल्कोहोल, असे दोन थर.

हे डोळ्यांनी बघता येतं. कॉकची नळी काढून टाकीतलं थोडं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत घ्यायचं आणि बाटली ओट्यावर सावलीत स्थिर ठेवायची. तेवढ्यात चहा होतो. परत येऊन बघितलं की थर पडले असतील तर मधली रेघ दिसते. बाटली जरा तिरपी केली की खालचा थर वेगळा सरकतो. तो थर दिसला, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी पूड मिळण्याची तयारी ठेवावी. पाणी मिसळलेलं अल्कोहोल कार्ब्युरेटरचा जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू खातं, आणि ती पूड म्हणजे त्या धातूचाच क्षार.

कार्ब्युरेटरविषयी बोलण्याआधी कॉक कुठं आहे ते बघावं, बंद की चालू. एवढ्या छोट्या गोष्टीवर पुढचं बरंच अवलंबून असतं. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत काही चमचेच पेट्रोल असतं आणि ते टाकीतल्या पेट्रोलपेक्षा फार लवकर उडून जातं. कॉक बंद करून गाडी उभी केली असेल, तर एकदाच एवढं पेट्रोल सुकतं आणि पातळसा थर उरतो. कॉक चालू राहिला असेल, तर वाटीतलं पेट्रोल उडालं की फ्लोट खाली येतो, सुई उघडते, टाकीतून नवं पेट्रोल उतरतं, तेही सुकतं, पुन्हा नवं येतं. टाकी आटेपर्यंत हे चालू. सगळ्या टाकीचा डिंक त्या एवढ्याशा वाटीत गोळा होतो. अशी वाटी उघडली की तळाशी काकवीसारखं दाट, तपकिरी, बोटाला तार धरणारं काही तरी असतं.

आणि त्या डिंकात बुडालेला असतो पायलट जेट. पितळेचा, बोटाच्या पेरापेक्षा लहान. गाडी आयडलवर असते तेव्हा सगळं पेट्रोल त्याच्या मधल्या भोकातून जातं, आणि शंभर सीसीच्या गाडीत ते भोक ०.४ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, म्हणजे डोक्याचे चार-पाच केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढं. जेट उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघायचं. साफ असेल तर लख्ख गोल ठिपका दिसतो. अंधुक दिसला, वेडावाकडा दिसला, की चोक न देता ही गाडी जागेवर चालणार नाही हे ठरलं. तो पोलादी तारेनं किंवा पिनेनं टोकरायचा नाही. पितळ मऊ असतं, भोक वाढलं की पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. वायरीतली तांब्याची एक तार, कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत, एवढ्यावर भागतं.

आता किक का मारायची नाही, ते. जुनी हिरो होंडा स्प्लेंडर घ्या, १९९४ला आलेली, आपल्याकडच्या गावागावांत आजही दिसणारी. ९७.२ सीसी, शिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. त्यात पिस्टन वर-खाली होतो आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा शिलिंडरच्या ओतीव लोखंडी भिंतीला घासत जातात. भिंतीवर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारलेल्या असतात, त्यांत तेल धरून राहावं म्हणून. गाडी बंद झाली की तेल हळूहळू निथळतं. वर्ष-दोन वर्षांत रेघांमधलं तेवढंच उरतं. त्यानंतर पिस्टन जिथं थांबला, तिथं लोखंडी रिंग आणि लोखंडी भिंत एकमेकींना टेकून, जवळजवळ कोरडी, पावसाळ्यामागून पावसाळे काढते. दोघींच्या मध्ये गंजाचा धागा तयार होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त असतं, त्यामुळं तो फुगून दोघींना घट्ट धरतो.

इथं नशिबाचाही भाग आहे. इंजिन बंद करताना पिस्टन बहुतेकदा कॉम्प्रेशनच्या फेरीत अडतो, कारण वर जायला तिथं सगळ्यात जास्त विरोध होतो. त्या फेरीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, शिलिंडर बंद खोलीसारखा राहतो. पण कधी तो असा थांबतो की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो. मग सायलेन्सरच्या तोंडातून पावसाळी हवा थेट शिलिंडरपर्यंत पोचते. एकाच कंपनीच्या, एकाच ओसरीत उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचं इंजिन मोकळं निघतं आणि दुसरीचं जाम, त्यामागं इतकी साधी गोष्ट असू शकते.

अशा इंजिनला जोरात किक मारली तर रिंग तुटू शकते, नाही तर गंजाचे खडे भिंतीवर ओरखडे काढतात, आणि ज्या इंजिनाचं काम तेलाच्या चार थेंबांत भागलं असतं त्याला बोअर-पिस्टनचा खर्च येतो. म्हणून प्लग काढायचा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि शक्य असेल तर रात्रभर मुरू द्यायचं. मग गाडी डबल स्टँडवर, वरच्या गिअरमध्ये, आणि मागचं चाक दोन्ही हातांनी अगदी सावकाश पुढं ढकलायचं. प्लग काढलेला असल्यामुळं हवेचा दाब आड येत नाही, हाताला लागतं ते फक्त घर्षण. सगळीकडं सारखं मऊ फिरलं तर उत्तम. फेरीत एकाच जागी खरखर लागली, तर पिस्टन जिथं झोपला होता ती जागा हीच. चाक हललंच नाही, तर तिथंच थांबायचं आणि किमतीची बोलणी इंजिनकाम धरून करायची.

जुन्या टू-स्ट्रोक गाडीत, एस्कॉर्ट्सच्या राजदूतसारख्या, आणखी एक जागा बघावी लागते. तिथं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँकच्या पोटातून जातं आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील ते पोट हवाबंद ठेवतात. उन्हाळ्यांनी ती सील कडक होतात. गाडी सुरू होते, पण रेस आपोआप चढते आणि उतरत नाही. हे दिसलं की सील गेली.

पुष्कळ घरांतून एक गोष्ट अभिमानानं सांगतात : ‘‘आम्ही आठवड्याला एकदा सुरू करून दोन मिनिटं ठेवायचो.’’ हे ऐकलं की मला काळजी वाटते, आणि त्यामागचं गणित मला आजही चकित करतं. पेट्रोलातला हायड्रोजन जळून पाणी होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी नीट तापलेली असते तेव्हा ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि आपल्याला दिसत नाही. दोन मिनिटांत मात्र सायलेन्सर तापत नाही. पाणी आतच थबकतं, काही रिंगांच्या बाजूनं तेलातही उतरतं. आठवड्याला एकदा केलेली ही सेवा सायलेन्सरला आतून खाते. म्हणून अशा गाडीच्या सायलेन्सरवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघावी. शाबूत पत्रा टणक आवाज देतो, खंगलेला भदभद करतो. ऑइलची काडी काढून बघावी. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल तर त्यात पाणी मिसळलेलं आहे.

गाडी गोठ्याशेजारी उभी होती का, हे विचारायला मी विसरू देणार नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात हालचाली थंडावल्या की पितळी काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे, आणि पावसाळ्यानंतर बाहेर काढली की कित्येक काडतुसांना आपोआप चिरा पडलेल्या असायच्या. कुणी हात लावलेला नसायचा. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं, की दोष घोड्यांच्या मुतातून उठणाऱ्या अमोनियाचा. पितळ ओढून, दाबून आकाराला आणलं की त्यात ताण उरतो, आणि असं ताणलेलं पितळ दमट हवेतल्या अमोनियात तडकतं. आपल्या गाडीच्या वायरिंगमध्ये वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली पितळी टर्मिनलं असतात. गोठ्यातल्या मूत-शेणातून तोच अमोनिया उठतो. तेव्हा हेडलाइटचं भांडं उघडून कनेक्टर एकेक करून सोडवावेत. तांब्यावर हिरवट-निळी बुरशी दिसली, टर्मिनल चिमटीत धरताच तुटलं, तर सगळं वायरिंग नवं टाकावं लागेल असं धरून चालावं. त्याच भांड्यात उंदराच्या लेंड्याही सापडतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काही तरी कुरतडावं लागतं. सीटचा फोम आणि वायरींवरचं आवरण त्याला आयतं मिळतं.

भोक दिसलं की घर करणारा आणखी एक जीव म्हणजे कुंभारीण. ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून सायलेन्सरच्या तोंडात, टाकीच्या झाकणाच्या वाटेत घर बांधते. तिच्यातल्या काही जाती कोळ्यांना डंख मारून लुळं करतात आणि जिवंत असतानाच अंड्याशेजारी कोंडतात, पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून. सायलेन्सर बुजला तर इंजिनाचा श्वास कोंडतो, झाकणाची वाट बुजली तर पेट्रोल उतरत नाही आणि गाडी दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते. मेकॅनिक कार्ब्युरेटर चारदा खोलतो, आणि दोष असतो झाकणात. ६ फेब्रुवारी १९९६ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाताहून उडालेलं बर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. ते विमान त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभं होतं, वेग मोजणाऱ्या नळीचं तोंड झाकलेलं नव्हतं, आणि त्या नळीत अशाच माशीनं मातीचं घर केलं असावं, हाच सगळ्यात संभाव्य कयास निघाला. एवढी मोठी यंत्रंही उभी राहिली की याच धोक्यात येतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे लंबगोल चौकटीत असतात. २३१७ असं असेल तर २०१७ सालातला तेविसावा आठवडा. गाडीचं वय कागदावर काहीही असो, रबराचं वय तिथं छापलेलं असतं. रबराचा वैरी ओझोन. हवेत तो इतका थोडा असतो की त्याचं प्रमाण कोटीच्या हिशेबात मोजावं लागतं, तरी ताणलेल्या रबराला तो चिरतो. न ताणलेल्या रबराला सहसा नाही. म्हणून टायर बनवताना त्यात मेण आणि ओझोनविरोधी रसायनं घालतात. चाक फिरताना रबर दबतं-सुटतं, त्या हालचालीनं मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि पातळ कवच धरतं. गाडी उभी राहिली की हे वर येणं मंदावतं. टायरला स्वतःचं संरक्षण करायला फिरावं लागतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो. उभ्या गाडीत चिरा शोधायच्या त्या जमिनीला टेकलेल्या जागेच्या जरा वर, जिथं टायर फुगून ताणला गेलेला असतो. तिथं नखानं रबर वाकवून बघा. चिरा उघडल्या, तर नक्षी नवीकोरी असली तरी टायर बदलायचाच.

बॅटरीवर फार वेळ घालवू नये. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवरचे शिशाच्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. उष्णतेनं ती आपोआप उतरतेही लवकर. जुन्या स्प्लेंडरची ठिणगी मॅग्नेटवर चालते, त्यामुळं बॅटरी मेली तरी किकनं गाडी सुरू होते, हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे मिळत नाहीत. एप्रिल २०२०नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर विजेवर आहेत, तिथं बॅटरी चांगली असल्याशिवाय काहीच तपासता येत नाही. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतील, क्लचच्या प्लेटा एकमेकींना. दोन्ही बहुधा सुटतात. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर मात्र बोट फिरवावं. क्रोमवर गंजाचे खडे लागले तर ते नवं सीलही महिनाभरात फाडतात.

कागदही उभे राहून म्हातारे होतात. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००९ची गाडी असेल तर ती मुदत २०२४मध्येच संपली. आधी नूतनीकरण, मगच नावावर करणं. मालक हयात नसेल तर साध्या विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० पुरत नाहीत. आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्याचा फॉर्म ३१. नंबर एमएच-२३ असेल तर बीडचं आरटीओ. एमएच-१६ असेल तर गाडी नगरकडची, तिकडच्या ना-हरकतीशिवाय पुढं जाऊ नये. चॅसी नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं पुसून तो आरसी बुकाशी स्वतः ताडावा. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागते.

पोलीस ठाण्याच्या लिलावातली गाडी घेत असाल, तर वर लिहिलेलं सगळं दुपटीनं लागू. जप्तीच्या गाड्या उघड्यावर ऊन-पाऊस खात असतात. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्येच सांगितलं, की अशी वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, फोटो आणि हमी घेऊन ती सोडावीत. तरी कोणत्याही तालुक्याच्या ठाण्याच्या कुंपणाशी गवतात बुडालेल्या मोटारसायकली दिसतातच. त्या कुणाच्या तरी कष्टाच्या पैशाच्या आहेत, हे बघताना मला वाईट वाटतं.

इतकं सगळं बघून गाडी पसंत पडली, तर पहिली सुरुवात टाकीच्या पेट्रोलवर करू नये. बाटलीत ताजं पेट्रोल, नळीनं थेट कार्ब्युरेटरला, तेल नवं, प्लग नवा. आधी प्लग काढूनच दहा-पंधरा किका, म्हणजे तेल वर हेडपर्यंत चढतं. मग प्लग लावून सुरू. पहिली काही मिनिटं धूर निघेल, तो आपणच सोडलेल्या तेलाचा. पंधरा-वीस मिनिटं चालवून नीट तापल्यावरही निळा धूर थांबला नाही, तर रिंगा गेल्या. गाडी घरी नेल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरला तेल पुन्हा बदलावं आणि निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन त्यात चुंबक फिरवावा. काळा, पेस्टसारखा थोडा चुरा लागला तर तो शिलिंडरच्या भिंतीवरचा सुटलेला गंज आहे, पुढच्या वेळी कमी होतो. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे लागले, तर इंजिन खोलायला वेळ लावू नये.